पोस्टपेड ‘बंद’ नको होतं, ‘बदलून’ हवं होतं

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय पण शक्यतो कापू नका, कारण ज्यांच्या ज्यांच्याशी मी हे बोलले त्यातल्या बऱ्याच जणांना पोस्टपेडवरून प्रीपेडवर येताना काही ना काही मनस्ताप झालेला निघाला.

बाबांचा नंबर अठरा वर्षं जुना. नोकरीत असताना दिवसभर फोन चालू असायचा म्हणून पोस्टपेड घेतलेलं, ते तसंच पुढे चालत राहिलं. आता रिटायर झाल्यावर फोन येतात ते आमचे, दोन-तीन मित्रांचे आणि बँकेचे, व्हॉट्सॅप घरच्या वायफायवर. एकदा सहज मागची सहा बिलं काढून बघितली तर एकाही महिन्यात डेटाचा दहावा हिस्सासुद्धा वापरलेला नव्हता आणि बिल मात्र दर महिन्याला पूर्ण. त्यात फोनही त्याच कंपनीकडून दोन वर्षांच्या करारावर हप्त्यांनी घेतलेला. हप्ते फिटून वर्ष झालं तरी रक्कम तेवढीच जात होती, करार संपला की ती आपोआप कमी होईल असं आम्ही धरून चाललो होतो, आणि बँकेतून परस्पर पैसे कापले जात असल्यामुळे कोणी बघितलंच नाही.

मग मी कस्टमर केअरला फोन लावला आणि म्हणाले, बाबांचं पोस्टपेड बंद करून प्रीपेड करायचंय. आधी स्वस्त प्लॅन देतो, जास्त डेटा देतो असं करून तीन वेगवेगळ्या लोकांनी थांबवायचा प्रयत्न केला, चौथा म्हणाला ठीक आहे मॅडम, रिक्वेस्ट टाकलीय. तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर रेंजच्या काड्या दिसतात तिथे ‘नो सर्व्हिस’. त्याने माझ्या वाक्यातलं ‘बंद करून’ एवढंच धरलं होतं आणि रिक्वेस्ट टाकली होती ती कनेक्शन कायमचं बंद करायची!

त्या सकाळी बाबा फोन घेऊन खिडकीपाशी गेले, मग गॅलरीत गेले, मग फोन बंद करून चालू केला, मग सिम काढून शर्टाच्या टोकाला पुसून परत घातलं. शेवटी मला हाक मारून हळूच विचारलं, “माझा नंबर गेला का गं?” अठरा वर्षांत भेटलेल्या प्रत्येक माणसाकडे हाच नंबर आहे, त्यातल्या कित्येकांचे नंबर बाबांकडे नाहीत. मला काय उत्तर द्यावं कळेना.

खरा गुंता पुढे होता. बँकेत लॉगिन करायचं तर ओटीपी त्या बंद नंबरवर, बँकेतला नंबर बदलायचा तरी ओटीपी त्याच नंबरवर, आणि कंपनीत तक्रार करायला गेलो तर ओळख पटवायला त्यांनी ओटीपी पाठवला तोही त्याच नंबरवर. नऊ दिवस लागले. कागदपत्रं घेऊन दोनदा गेलो, लेखी अर्ज दिला, नवीन सिम मिळालं आणि नंबर परत आला. बंद झालेला नंबर लगेच दुसऱ्याला देत नाहीत, काही काळ तसाच पडून असतो, म्हणून मिळाला. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला जाऊ शकतो, मग अर्ज करून काही उपयोग नसतो. या नऊ दिवसांत आमच्या जागी एकटं राहणारं कोणी म्हातारं माणूस असतं तर?

मुळात यात अवघड काय आहे? नंबर तोच, टॉवर तेच, बऱ्याचदा सिमसुद्धा तेच राहतं. पोस्टपेडमधे कॉलची नोंद होते आणि महिन्याअखेरीस हिशोब लागतो, प्रीपेडमधे कॉल जोडायच्या आधीच प्लॅन, बॅलन्स तपासला जातो, म्हणजे बदलतं ते कंपनीच्या आतलं हिशोबाचं खातं. हे तंत्र काही कालचं नाही, पोर्तुगालमधे १९९५ सालीच प्रीपेड मोबाइल सुरू झालं होतं. तरी अॅपमधे मोठा प्लॅन घ्यायचं बटण पहिल्याच पानावर असतं आणि प्रीपेडवर जायचा पर्याय शोधून सापडत नाही, त्यासाठी फोनच करा म्हणतात, आणि फोनवर असं होतं.

ज्यांना बदलायचंय त्यांना कळकळीने सांगते, ‘बंद’ हा शब्द तोंडातून काढूच नका. “हाच नंबर ठेवून प्रीपेड करायचंय” असं म्हणा आणि रिक्वेस्टचा मेसेज आला की तो नीट वाचा. बँकेतलं ऑटो डेबिट आधी थांबवू नका, शेवटचं बिल येऊन भरून झालं की मगच थांबवा, कारण बिलाच्या तारखेनंतरचा वापर, रोमिंग वगैरे नंतर मागून येतं आणि ते थकलं तर प्रकरण वाढतं. डिपॉझिट भरलेलं असेल तर ते स्वतःहून मागा. एकाच बिलावर घरातले दोन-तीन नंबर असतील तर मुख्य नंबर काढल्यावर बाकीच्यांचं काय होणार ते आधी विचारून घ्या. आणि करारावर घेतलेला फोन कधीकधी त्या कंपनीला लॉक असतो, पुढे दुसऱ्या कंपनीचं सिम घालायचं असेल तर अनलॉक करून मागा, त्यासाठी आयएमईआय म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो, स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल केलं की तो पंधरा आकडी नंबर स्क्रीनवर येतो.

प्रीपेडची एक काळजी मात्र आहेच, रिचार्जची मुदत. ती संपून बरेच दिवस गेले तर येणारे फोनही बंद होतात आणि शेवटी नंबरही जाऊ शकतो. बाबांनी मुदतीची तारीख कागदावर लिहून फोनच्या कव्हरच्या आत ठेवलीय, मीही माझ्या फोनमधे त्याच्या दोन दिवस आधीचा अलार्म लावलाय.

आपल्या वृत्तपत्रातून कंपन्यांपर्यंत आणि दूरसंचार नियामकांपर्यंत एवढंच पोचावं की पोस्टपेडबद्दल कुठलीही रिक्वेस्ट टाकायच्या आधी “नंबर चालू ठेवायचाय ना?” हा प्रश्न विचारणं सक्तीचं करा, आणि नंबर बंद करण्याआधी त्याच नंबरवर साध्या भाषेत मेसेज पाठवून ग्राहकाला तो थांबवायला निदान एक पूर्ण दिवस द्या. आम्हाला असा मेसेज आला असता तर मी त्याच मिनिटाला फोन केला असता.

आपली,
एक नियमित वाचक