रुपे गाळणारा बसतो

ठाणे (पश्चिम),
पेन्टेकॉस्टनंतरचा सोमवार

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला. दुकान बंद झालं, वहिनींचं दुखणं हटत नाही, हे फोनवर कळलंच होतं. पण "प्रार्थनेला बसतो आणि हाताला नुसती राख लागते" हे वाचल्यावर लगेच उत्तर लिहवेना.

गेल्या आठवड्यात आईचे पैंजण घेऊन जांभळी नाक्याजवळ एका गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्याकडे, गेलो होतो. आठवतात ना तुला ते? चालताना एकाच पायातला वाजायचा. कड्या तुटल्या होत्या, म्हटलं आटवून धाकटीला काहीतरी करू. माणूस विट्याकडचा, या धंद्यातली कितीतरी माणसं त्याच भागातली. त्यानं पैंजण मुशीत टाकले, वर चिमूटभर टाकणखार, आणि ज्योत लावली. चांदीला वितळायला ९६१ अंश लागतात. आधी कड्या मऊ पडल्या, मग एकमेकींत शिरल्या, मग वर काळपट साय धरली. ती तो सळईनं बाजूला सारत राहिला. बाहेरून कुणी हाक मारली, फोन वाजला, त्यानं मान वळवली नाही. "किती वेळ लागतो?" मी विचारलं. "तसा टाइम नसतोय. बघत बसायचं," म्हणाला.

पवित्र शास्त्रातल्या मलाखीचा तिसरा अध्याय तिथंच आठवला. रुपे गाळून शुद्ध करणाऱ्यासारखा तो बसेल, असं संदेष्टा म्हणतो. इतकी वर्षं मी त्या वचनातला अग्नीच पाहिला. 'बसेल' हा शब्द दिसलाच नव्हता. चांदीत स्वतःचा चेहरा दिसला की गाळणाऱ्याला ती शुद्ध झाल्याचं कळतं, असं प्रवचनात सांगतात. गोड आहे, पण मलाखीत ते नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. तो उठून जात नाही, एवढं मला पुरतं.

काल पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, उपासनेत प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला. अग्नीच्या जिभा प्रत्येकावर एकएक अशा... बसल्या! पुन्हा तेच क्रियापद. माझ्या अंगावर काटा आला.

तुझं दुकान देवानं तुला तावायला बंद केलं, असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणालं तर ऐकूही नकोस. माझं मात्र सांगतो. आवेश म्हणजे आवाज, असं मला वाटायचं. रविवारच्या शाळेत, घरच्या प्रार्थनासभेत माझाच गळा मोठा. आईच्या शेवटच्या सहा महिन्यांत तो गेला. रात्री तिची कूस बदलायची, ओठ पुसायचे, तेविसावं स्तोत्र कानाशी म्हणायचं आणि मध्येच अडखळायचं. मलाही वाटलं, विझलो. लोकांनी ऐकावं म्हणून केलेल्या प्रार्थना त्याच रात्रींत गळून पडल्या. तेव्हा कळलं नाही. मुशीतल्या चांदीला तरी काय कळत असेल?

यिर्मया संदेष्ट्यानं तर ठरवलंच होतं की आता देवाचं नाव काढायचं नाही. मग तो म्हणतो, ते हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखं झालं, आवरता आवरेना. फुंकर त्यानं घातली नव्हती रे!

आपल्या ठाण्याचीच एक गोष्ट आहे. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू, इथं मारले गेले. त्यांतल्या पादुआच्या याकोबला आगीत टाकलं आणि तो न जळता बाहेर आला, असं पुढं इथं आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशानं लिहून ठेवलंय. लोक चमत्कारापाशी थांबतात. मी त्याच्या पुढच्या ओळीपाशी थांबतो, कारण याकोब त्यानंतरही मारलाच गेला. आगीतून निघणं म्हणजे सुटका नव्हती, तरी त्यानं प्रभूला सोडलं नाही. तलावपाळीवरून जाताना हे हमखास मनात येतं.

आणि केडगावचं १९०५ सालचं संजीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली. ओतणार, तेवढ्यात कळलं की मुलगी जळतच नाहीये. मोशेनं पाहिलेल्या, पेटूनही न जळणाऱ्या झुडपासारखंच! पण मला त्याहून मोठं वाटतं ते रमाबाईंचं पुढचं काम. ऐकू कमी येत होतं, एकुलती एक लेक १९२१ मध्ये गेली, आणि त्या आपल्या अख्ख्या पवित्र शास्त्राचं साध्या मराठीतलं भाषांतर पुरं करत बसल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. अशा माणसाला जवळून पाहणाऱ्याला ज्वाळा दिसल्या असत्या का, कोण जाणे. कागद, शाई, आणि रोजची ओळ.

म्हणून राख लागते तिथंच बस, एवढंच माझं मागणं. शब्द नसतील तर नुसता बस. वहिनींच्या उशाशी बसलास तरी ती प्रार्थनाच आहे, हे मी अनुभवानं सांगतो.

चांदीची लगडी अजून माझ्या खणात आहे, साचातली खरबरीत कड तशीच. शनिवारी ये. स्टेशनवर घ्यायला येतो. डॉक्टरांचे कागद सोबत आण, एकत्र पाहू. आणि जेवून जायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझाच,
ठाणेकर