तनूफचे अवशेष ‘प्राचीन’ नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ओमानवर आलेल्या प्रवासलेखात हजर पर्वताला ‘निर्जन कातळ’ म्हटले असून, तनूफ गावाच्या पडक्या मातीच्या भिंतींच्या छायाचित्राखाली ‘प्राचीन अवशेष’ अशी ओळ छापली आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे निझवा येथे राहिलो असल्याने या दोन्ही विधानांबद्दल लिहिणे भाग आहे.

तनूफ उद्ध्वस्त झाले ते 1950च्या दशकात, म्हणजे आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती त्या सुमारास. डोंगराच्या आतल्या मुलखावर सत्ता कोणाची, यावरून इमाम गालिब बिन अली आणि मस्कतचे सुलतान सईद बिन तैमूर यांच्यात लढा सुरू होता. तनूफचे शेख सुलेमान बिन हिम्यार इमामाच्या बाजूने उभे राहिले आणि सुलतानाच्या मदतीला आलेल्या ब्रिटिश विमानांच्या बॉम्बफेकीत त्यांचे गाव गेले. बंडखोर मग जबल अख्दरच्या पठारावर ठाण मांडून बसले. सुमारे 2,000 मीटर उंचीवरचे ते पठार हाती आले ते जानेवारी 1959 मध्ये, ब्रिटिश कमांडो एका रात्रीत कडा चढून गेले तेव्हा. ज्यांना हे दिवस आठवतात असे म्हातारे मला निझव्याच्या बाजारात भेटत असत, तेव्हा ‘प्राचीन’ हा शब्द जरा जपून वापरावा.

राहिले ‘निर्जन’. याच पर्वताच्या पायथ्याशी बात येथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातील दगडी थडगी उभी आहेत आणि इथल्या तांब्यासाठी मगन हे नाव मेसोपोटेमियाच्या मृत्तिकालेखांत येते. परंतु त्या डोंगरात माणूस टिकला तो तांब्यावर नव्हे, पाण्यावर. पाट किंवा भुयारी कालवा यांना तिकडे फलज म्हणतात, अनेकवचन अफलाज. डोंगराच्या कुशीत खोल विहीर खणून, तिचे पाणी किंचित उताराच्या भुयारातून कित्येक किलोमीटर वाहवत गावात आणायचे, आणि वर ठरावीक अंतरावर उभी विवरे ठेवायची. आमच्या शहरातील मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरीचे तत्त्व हेच आहे. ओमानमध्ये असे सुमारे 3,000 पाट आजही वाहतात आणि त्यांपैकी पाच 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

खरी कारागिरी मात्र खोदकामापेक्षा वाटपात आहे. गावात शिरताच पहिले पाणी पिण्यासाठी, मग मशिदीत, नंतर खजुराच्या बागांना आणि शेवटी हंगामी पिकांना. पाणी आटले की हंगामी शेते आधी सुटतात आणि खजूर वाचतो. पाणीपाळी अर्ध्या तासाच्या ‘अथर’ या मापाने मोजली जाई, दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. हे हिस्से वारशाने मिळतात, विकले जातात आणि काहींचा लिलावही होतो.

लेखकाने ज्यांना ‘सोडून दिलेली गावे’ म्हटले, तिथेही हाच धागा पकडायला हवा होता. 1970 नंतर रस्ते आणि वीज आली आणि लोक मातीची घरे सोडून जवळच्या नव्या वस्तीत गेले, हे खरे. वादी बनी हबीबची घरे ओस आहेत, पण खालच्या ओढ्याकाठी अक्रोड आणि डाळिंबाच्या बागा राखलेल्या आहेत. मिस्फात अल अब्रियीनमध्ये ताली बांधलेल्या वाफ्यांतून आजही पाट खळाळतो. वाफ्यात उतरणारा हात आता पुष्कळदा बांगलादेशी मजुराचा असतो, आणि वरच्या गावांत पाणीही पूर्वीइतके राहिलेले नाही. पण पाणी कोणाच्या पाळीचे, हे अजून गावच ठरवते. गाव उठले की नाही, हे भिंतींवरून नव्हे तर पाटावरून ओळखावे, असे मला तिथे राहून वाटू लागले.

तनूफच्या त्या पडक्या घरांशेजारूनही पाट वाहतो. गंमत अशी की ओमानमध्ये बाटलीबंद पाणी ‘तनूफ’ याच नावाने विकले जाते. आपल्या प्रवासलेखकांनी बहुधा ते प्यायलेही असेल. छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर