जुन्या पुलाचा इतिहास त्याच्या सांध्यांत असतो

मा. संपादक,

जुन्या लोखंडी रेल्वे पुलांविषयीचे बहुतेक लेखन बांधकामाचे वर्ष, लांबी आणि उद्‌घाटकाचे नाव सांगून थांबते. गाडीचा भार पुलाच्या कोणत्या भागातून कोठे उतरतो, हे मात्र अलिखितच राहते. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, सॅव्हेज येथे लिटल पटक्संट नदीवर असलेला दोन गाळ्यांचा पूल या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. वेंडेल बोलमन यांच्या ट्रस-रचनेचा (ट्रस म्हणजे दांड्या व पट्ट्या जोडून केलेला भार पेलणारा सांगाडा) तो एकमेव शिल्लक पूल मानला जातो.

बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेत सुतारकामापासून वर आलेल्या आणि अभियांत्रिकी स्वतःच शिकलेल्या बोलमन यांनी १८५२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. लाकडी पूल कुजत आणि पेट घेत, तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब उत्तम सोसत असले तरी ताण पडताच पूर्वसूचना न देता तुटते. म्हणून त्यांनी दाबाचे भाग बिडाचे व ताणाचे घडीव लोखंडाचे ठेवले आणि प्रत्येक आडव्या तुळईपासून दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांपर्यंत स्वतंत्र पट्ट्या नेल्या, जेणेकरून एक पट्टी तुटली तरी सगळा गाळा एकदम कोसळू नये. त्या पट्ट्यांची लांबी असमान असल्याने तापमानानुसार त्या कमीजास्त ताणल्या जात व त्यांची जुळणी राखणे कटकटीचे होई, हा दोषही खरा. तरीही ही सावधगिरी अनाठायी नव्हती. २९ डिसेंबर १८७६ रोजी ओहायोतील ॲश्टाब्युला येथे वेगळ्या पद्धतीचा लोखंडी ट्रस पूल गाडीसह कोसळून नव्वदच्या आसपास माणसे दगावली आणि तपासात बिडाच्या एका जोडठोकळ्यात ओतकामाची पोकळी आढळली.

पुढे पोलाद आले, गाड्या जड झाल्या आणि बोलमन यांचे पूल मोडीत निघाले. सॅव्हेजचा पूल वाचला, कारण १८६९ मध्ये मुख्य मार्गासाठी बांधलेला हा पूल १८८७ मध्ये उचलून कापडगिरणीच्या शाखामार्गावर बसवला गेला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने ऐतिहासिक स्थळांच्या आपल्या यादीत पहिला मान त्यालाच दिला.

जतनाच्या नावाखाली जुन्या पुलांचे सांधे वितळजोड (वेल्डिंग) करून बुजवले जातात आणि मूळ पट्ट्यांच्या जागी नव्या येतात, तेव्हा आकृती उरते, पण पुरावा जातो. कोणताही जुना ट्रस पूल रंगवण्यापूर्वी, दुरुस्तीपूर्वी वा उतरवण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक सांध्याचे मोजमाप, धातूचा प्रकार आणि छायाचित्र यांची नोंद करणे बंधनकारक असावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक वाचक