लघुग्रहाच्या बातमीत त्याची कक्षाही छापावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळकरी मुलांनी लघुग्रह शोधल्याच्या बातम्या अलीकडे मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येतात आणि त्या वाचून नाशिकमधील आम्हा विज्ञानशिक्षकांना मनापासून आनंद होतो. मात्र या बातम्या वाचताना शोध आणि नामकरण जणू एकाच आठवड्यात उरकले असे वाटते, आणि या दोहोंमधली सर्वांत मोलाची पायरी, म्हणजे कक्षा निश्चित होणे, वाचकांपर्यंत पोहोचतच नाही.

१ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेतून जुझेप्पे पियाझ्झी यांना सेरेस हा सर्वांत आधी सापडलेला लघुग्रह दिसला. पण जेमतेम सहा आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. हाती वेध मोजकेच होते, तेही कक्षेच्या अगदी लहान तुकड्याचे. तेवढ्यावरून २४ वर्षांच्या कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी गणिताने कक्षा मांडली आणि वर्षअखेरीस त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच सेरेस पुन्हा सापडला. ती कक्षा मिळाली नसती, तर पियाझ्झींचे परिश्रम वाया जाण्याचा धोका होता.

आजही क्रम तोच आहे. एका रात्रीच्या छायाचित्रांत सरकणारा ठिपका विद्यार्थ्याने ओळखला, की ती प्राथमिक नोंद असते. इतर रात्रींच्या वेधांनी दुजोरा मिळाल्यावर, जगभरातील लघुग्रहांच्या वेधांची नोंद ठेवणारे मायनर प्लॅनेट सेंटर त्या पिंडाला तात्पुरती संज्ञा देते. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील लघुग्रहाचे वेध त्यानंतर सहसा अनेक प्रतियुतींमध्ये, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूस येतो त्या काळात, घ्यावे लागतात, त्यात वर्षे जातात, आणि कक्षा पक्की झाली म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो. नाव सुचवण्याचा हक्क त्यानंतर शोधकाकडे येतो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती ते तपासते. नाव १६ अक्षरचिन्हांहून लांब चालत नाही, आणि केवळ राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूला १०० वर्षे झाल्यावाचून देता येत नाही. पैसे भरून लघुग्रहाला नाव देता येत नाही, हेही पालकांसाठी एकदा ठळकपणे छापावे.

आपल्या देशातील उदाहरणे तर फारच बोलकी आहेत. १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी ६७ क्रमांकाचा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोध लागलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचे नाव एशिया. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या २.४२ पट असून त्याला एका प्रदक्षिणेस सुमारे पावणेचार वर्षे लागतात. अडीच पट अंतराजवळ या पट्ट्यात एक पोकळी आहे: तेथील पिंड गुरूच्या एका फेरीत तीन फेऱ्या करतो, आणि गुरूची ओढ ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा बसत राहिल्याने त्याची कक्षा अस्थिर होते. एशियाचे सरासरी अंतर या पोकळीच्या किंचित आतल्या बाजूला येते. एवढी एक ओळ छापली, तरी नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला गुरुत्वाकर्षणाचा धडा पुस्तकाबाहेर दिसेल.

पॉगसन यांनी १८८५ मध्ये व्हेरा हा लघुग्रह शोधला, त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७ फेब्रुवारी १९८८ रोजी, तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेतून आर. राजमोहन यांनी एक लघुग्रह शोधला. त्याला ४१३० हा क्रमांक आणि गणितज्ञ रामानुजन यांचे नाव मिळाले. हे नाव मला विशेष समर्पक वाटते, कारण लघुग्रहाला आकाशात कायमची ओळख मिळते ती गणितामुळेच.

यापुढे अशी बातमी देताना लघुग्रहाची संज्ञा किंवा क्रमांक, सूर्यापासूनचे सरासरी अंतर, प्रदक्षिणाकाळ आणि शोध नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, ही माहिती चौकटीत द्यावी, ही विनंती. त्यामुळे मुलांच्या कौतुकात काहीही उणे होणार नाही. उलट, आपण पाहिलेल्या ठिपक्याचा पुढील वर्षांत पाठपुरावा करण्याची जबाबदारीही त्यांना कळेल. नाशिकच्या शाळांतून येणाऱ्या अशा बातम्यांसाठी ही माहिती तपासून द्यायला आम्ही काही शिक्षक आनंदाने तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक विज्ञानशिक्षक, नाशिक