डॉक्टरांच्या वकिलालाही रुग्णाचे अपील हवे आहे

संपादक महोदय,

डॉक्टरविरुद्ध राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या आणि त्यांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या संस्थेकडे, तक्रार झाली आणि त्याने वकील दिला, की ‘आता पळवाट शोधणार’ अशी प्रतिक्रिया ठरलेली असते. अशा चौकशांमध्ये बहुतेक वेळा डॉक्टरांच्या बाजूने उभा राहणारा वकील म्हणून या कामाविषयी, आणि हे काम करताना दिसलेल्या कायद्यातील एका उणिवेविषयी, लिहीत आहे.

वकील देणे ही डॉक्टरला मिळालेली मेहेरबानी नव्हे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या वर्तनासंबंधीच्या २००२ च्या विनियमांनुसार त्याला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. (ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम आले, पण त्याच महिन्यात ते स्थगित होऊन २००२ चेच पुन्हा लागू झाले.) परिषद भरपाई देववत नाही आणि कोणाला तुरुंगातही पाठवत नाही. ताकीद देणे किंवा नोंदवहीतून नाव काही काळासाठी अथवा कायमचे काढणे, एवढेच तिच्या हाती असते. मात्र नाव गेले की प्रॅक्टिस बंद होते.

प्रत्यक्ष कामात युक्तिवाद थोडा आणि कागद वाचणे फार. नोटीस घेऊन आलेल्या डॉक्टरला मी सर्वांत आधी सांगतो, की केसपेपरवर आता एक अक्षरही वाढवायचे नाही. रात्री दोनला रुग्णाला खरोखरच तपासले होते, नोंद तेवढी राहून गेली, ती आज केली तर काय बिघडले, असे अनेकांना मनापासून वाटते. बिघडते ते असे, की तक्रारदाराने आधीच मिळवलेल्या झेरॉक्समध्ये ती ओळ नसते, आणि मग जे उपचार खरोखर झाले त्यांच्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. पुढे परिचारिकांच्या नोंदी, भूलतज्ज्ञाचा तक्ता आणि डिस्चार्ज कार्ड यांतील वेळा जुळतात का, संमतीपत्रावर शस्त्रक्रियेचे नाव सही घेण्यापूर्वी लिहिले होते की रिकाम्या जागा मागाहून भरल्या, हे तपासावे लागते. नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन आहे. उपचारांत काहीही चुकलेले नसताना केवळ कागद अडवून ठेवल्यामुळे डॉक्टर अडचणीत येतो तेव्हा त्याचा बचाव करणे अवघड होऊन बसते. खुलाशाच्या पहिल्या मसुद्यात नातेवाइकांनी घातलेल्या गोंधळावर पानेच्या पाने असतात, आणि रक्तदाब घसरू लागल्यावर नेमके काय केले याला दोन ओळी मिळतात. ते प्रमाण उलटे करणे हे वकिलाचे काम, आणि कागद वाचून झाल्यावर ‘इथे तुमचे चुकले आहे, ते मान्य करा’ असे अशिलाला सांगणे हेही त्याचेच काम.

उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये स्पष्ट केले आहे. परिषदेसमोरचा वाद बहुतांशी याच सीमारेषेवर चालतो आणि तेथे प्रामाणिक मतभेदाला भरपूर जागा असते. म्हणूनच निर्णयावर अपील असणे आवश्यक ठरते.

माझा मुख्य मुद्दा येथून सुरू होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३० नुसार राज्य परिषदेच्या कारवाईने व्यथित झालेल्या डॉक्टरला आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाकडे अपील करता येते आणि तेथेही समाधान झाले नाही तर आयोगाकडे दुसरे अपील करता येते. ज्याची तक्रार फेटाळली गेली त्या रुग्णाचा किंवा त्याच्या कुटुंबीयांचा मात्र या कलमात उल्लेख नाही. २००२ च्या विनियमांत राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या ‘कोणत्याही व्यक्तीला’ ६० दिवसांत तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेकडे (जिची जागा पुढे या आयोगाने घेतली) दाद मागता येत असे. नव्या कायद्याने हा दरवाजा एका बाजूने बंद केला आणि तक्रारदाराला उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा खर्चिक मार्ग तेवढा उरला.

ही तरतूद माझ्या अशिलांच्या सोयीची असताना मी तिच्याविरुद्ध का लिहितो, असे माझे व्यवसायबंधू विचारतील. याचे कारण असे, की ती सोय वरवरची आहे. अपील नाकारले म्हणून तक्रारदार शांत होत नाही; तो ग्राहक आयोगात जातो, नाहीतर पोलिसांकडे, जेथे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली वैद्यकीय निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यातच परिषदेवर डॉक्टरच बसलेले असल्यामुळे ‘डॉक्टरांनी डॉक्टरला वाचवले’ हा आरोप होतो आणि त्याला उत्तर देण्याची सोय निर्दोष ठरलेल्या डॉक्टरकडेही नसते.

याहून मोठे नुकसान आदेशांच्या दर्जाचे होते. तक्रार फेटाळणारा आदेश पुढे कोणी तपासणार नाही हे ठाऊक असले, की तो ‘उभय पक्षांचे म्हणणे ऐकले, निष्काळजीपणा आढळला नाही’ एवढ्यावर आटोपण्याचा मोह होतो. असा आदेश ग्राहक आयोगापुढे ठेवून डॉक्टरचा काहीही फायदा होत नाही, कारण कोणते तज्ज्ञमत ग्राह्य धरले आणि कोणत्या नोंदीवरून निष्कर्ष काढला हे त्यात नसते. सविस्तर कारणे असलेला आणि अपिलातही टिकलेला आदेश हाच डॉक्टरचा सर्वांत भक्कम बचाव असतो.

कलम ३० मधील अपिलाचा हक्क तक्रारदारालाही द्यावा, अशी दुरुस्ती संसदेनेच करावी लागेल आणि तिला वेळ लागेल. राज्य परिषदांना मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत देण्याचे बंधन २००२ च्या विनियमांत आहेच. ते पाळावे, प्रत्येक आदेशात कारणे लिहावीत आणि रुग्णाची ओळख वगळून ते आदेश संकेतस्थळावर ठेवावेत.

आपला,
वैद्यकीय परिषदेसमोर काम करणारा एक वकील