मिरजेहून आलेल्या चाचांना

चाचा,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात ऐन मे महिन्यात दुपारी कुणी पाहुण्यालाही बोलवत नाही. तरी तुम्ही तंबोरे जिवापाड सांभाळत आमच्या मुलांच्या उन्हाळी शिबिराला आलात, म्हणून हे जाहीर पत्र.

लेकीने पुण्याच्या केळकर संग्रहालयात वाद्यं पाहिली होती, पण काचेपलीकडची. तंबोरा तर या पोरांना मोबाइलमधलाच माहीत. तुम्ही पहिल्याच दिवशी वाळका भोपळा पुढ्यात ठेवून विचारलंत, "हा कुठला?" सगळे म्हणाले, मिरजेचा. "तुमच्याच जिल्ह्यातला," म्हणालात, तेव्हा मागे उभे असलेले आम्ही पालकही चाट पडलो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांचे मिरजेत तंबोरे होतात, हे माझं माहेर मंगळवेढ्याचं असून कधी कानावर आलं नव्हतं. आमची मजल ज्वारीपर्यंतच!

मग जवारी, म्हणजे तारेचा सूर गुंजता करणं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार चढवून ऐकायचं, उतरवून पुन्हा घासायचं. शेवटी तारेखाली सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे करायचा. एका जागी आला की इतका वेळ ठक्क वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. हे तुम्ही प्रत्येकाला करायला लावलंत. एका मुलाला ती जागा काही केल्या सापडेना. तुम्ही दोरा त्याच्या हातातून घेतला नाहीत. "कान दे, घाई नको," एवढंच म्हणालात, आणि त्याला सापडेपर्यंत सगळ्यांचा चहा थांबला. मला सर्वांत जास्त भावलं ते हे. एरवी शिबिरांत मुलांची अर्धी कामं शिकवणारेच उरकतात, फोटो चांगले यावेत म्हणून.

हत्यारं घडवणारे शिकलगार सतारीकडे कसे वळले, ती हकिकत लेक अजून घरी येईल त्याला ऐकवते. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे सांगताना मात्र तुम्ही हसून म्हणालात, "कागद आला, आता शिकायला पोरं येऊ देत."

एक तरी येणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत सतारमेकर गल्लीत जायचंच, असा लेकीचा हट्ट आहे. तिला भोपळा कापताना पाहायचाय. कारखाना कोणत्या वारी बंद असतो तेवढं कळवा. शेंगाचटणी घेऊन येतो.

आपली,
शिबिरातल्या एका मुलीची आई
सोलापूर