नादी बॉब आणि तुमची दोनशे पानी वही

आदरणीय बाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानू दिलेच नाहीत. "बरं बरं, पुढचा कुठला लावताय ते सांग," म्हणालात आणि विषय संपवलात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलंय, तेवढं ऐकते.

आमचं चित्रपट मंडळ साताऱ्यात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतं. चाळीसेक खुर्च्या, एक प्रोजेक्टर, भिंतीवर ताणलेली चादर. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. इंग्रजी वाचता येतं, पण भरभर नाही. खाली दोन ओळी उमटतात, चार-पाच सेकंदांत जातात, आणि मग शेजारच्याला कोपर मारून "काय म्हणाला?" सुरू होतं. जपानी झाले, इटालियन झाले, दर वेळी हेच. दिग्दर्शक मेलव्हिलचा फ्रेंच चित्रपट 'बॉब ल फ्लाँबर' लावायचं ठरलं तेव्हा मी मैत्रिणीजवळ सहज म्हटलं, की याच्या ओळी मराठीत असत्या तर किती बरं झालं असतं. तिनं तुमचा नंबर दिला. कॉलेजात तुमच्याकडे फ्रेंच शिकलेली ती. मी घाबरतच फोन केला, आणि तुम्ही एवढंच विचारलंत, "मेलव्हिलचा का? ये रविवारी. जाड वही आण."

चार रविवार. सकाळी सहाच्या एसटीनं निघायचं, साडेनऊला तुमच्या दारात. तुम्ही चष्म्यावर दुसरा चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसायचात, एक वाक्य ऐकायचात, थांबवायचात, परत ऐकायचात. मग मराठी. मी लिहून घ्यायची, तुम्ही मोठ्यानं वाचायला लावायचात, आणि वाचताना जीभ अडखळली की ओळ खोडायची. "पडद्यावर थांबायला वेळ नसतो गं, माणूस बोलून मोकळा होतो." एकेका वाक्याच्या तीन-तीन खोडाखोडी आहेत त्या वहीत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावावर. फ्लाँबर म्हणजे जुगारी, असं मी आधीच लिहून आणलं होतं. तुम्ही मान हलवलीत. जुगारी हा पोलिसांचा शब्द, धाड पडल्यावर पेपरात येणारा. फ्रेंच शब्दाच्या पोटात जाळ आहे म्हणालात, भडकणं आहे. हातातलं सगळं एका डावावर लावून पेटून उठणारा माणूस. जुगारबाज, उधळ्या, छंदीफंदी, एकेक करून सगळे खोडले. दुपारी जेवायला बसलो, तुम्ही आमटी वाढता वाढता थांबलात आणि म्हणालात, "नादी. त्याला नाद आहे." पळी तशीच हातात. मला अजून ते दिसतं.

खरंच, त्या शब्दात सगळं बसतं. नाद बैलगाड्यांचा असतो, भजनाचा असतो, तालमीचा असतो. माणूस त्यानं वाईट ठरतोच असं नाही, पण तो त्याचा राहत नाही. आणि बॉब माँतान्ये तसाच आहे की. चांगला माणूस आहे तो. वीस वर्षांपूर्वी बँक लुटून तुरुंगात जाऊन आलेला, केस पांढरे झालेले, कपडे नेहमी कडक इस्त्रीचे. रस्त्यावर भटकणाऱ्या त्या कोवळ्या आनला दलालाच्या हाती लागू नये म्हणून स्वतःच्या घरात आसरा देतो. पोलीस इन्स्पेक्टर लद्रूवर कुणी तरी पिस्तूल रोखलं तेव्हा त्याचा हात ढकलून यानंच लद्रूचा जीव वाचवलेला. पण घरातल्या कपाटाचं दार उघडलं, की आत कपड्यांऐवजी नाणी टाकून दांडी ओढायचं जुगाराचं यंत्र. जाता-येता एक नाणं टाकायचं, दांडी ओढायची. सवयीनं, आपण देवाच्या फोटोला हात जोडतो तसं.

पहिलीच ओळ तुम्ही तीन वेळा बदललीत, आठवतंय ना? पॅरिसातलं पहाटेचं मोंमार्त्र, टेकडीवरचं पांढरं साक्रे कर चर्च मागे सोडून डबा रुळावरून उतरू लागतो आणि निवेदक सांगतो, वर स्वर्ग, खाली नरक. नरक म्हणजे पिगाल, रात्रभर जागून थकलेल्या दिव्यांची वस्ती. ते निवेदन स्वतः मेलव्हिलनं केलंय, हे तुमच्याकडूनच कळलं. रस्ते धुणारी गाडी पाणी मारत फिरते आणि बॉब खेळून घरी निघालेला असतो. त्या वेळेला काय म्हणायचं? पहाट म्हटलं तर फार मंगल वाटतं, भूपाळ्या ऐकू येतात. शेवटी 'उजाडायच्या आधीची वेळ' एवढंच साधं ठेवलंत. आणि रस्त्यातल्या जुन्या आरशात बॉब स्वतःला बघतो, तिथे: "काय देखणं थोबाड आहे मवाल्याचं!" या ओळीला आमच्याकडे टाळी पडली, बाई. भिंतीवरच्या चादरीला टाळी.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. फ्रेंचमध्ये आपल्यासारखं तू वेगळं, तुम्ही वेगळं. कोण कुणाला काय म्हणतंय हे तुम्ही प्रत्येक वेळी कान देऊन ऐकलंत आणि मराठीत नेमकं तेच ठेवलंत. मी हा चित्रपट आधी दोनदा इंग्रजी ओळींवर पाहिला होता आणि कोण कुणाच्या किती जवळचं आहे हे मला कळलंच नव्हतं.

मधल्या चहाला तुम्ही सांगितलेल्या गोष्टी मी मंडळात सुरुवातीला सांगितल्या. मेलव्हिलचं खरं आडनाव ग्रुंबाख. युद्धात जर्मनांविरुद्धच्या छुप्या लढ्यात असताना त्यानं 'मोबी डिक'वाल्या हर्मन मेलव्हिलचं नाव घेतलं आणि पुढे तेच ठेवलं. पॅरिसात रु जेनेरवर त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, तो 1967 साली जळाला. हा चित्रपट 1956 चा. पैसे येतील तसा, थांबत थांबत केलेला. बॉबचं काम करणारा रोजे द्युशेन युद्धाआधी नावाजलेला नट होता आणि नंतर पडद्यावरून नाहीसाच झालेला. आन झालेली इझाबेल कोरे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. आंरी दकाएनं कॅमेरा रस्त्यावर आणला, खऱ्या दिव्यांत, खऱ्या पहाटेत. तीन वर्षांनी त्यानंच त्रुफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' चित्रित केला. तो आम्ही आदल्या महिन्यात दाखवला होता. त्यामुळे लद्रू पडद्यावर आला तसे मागच्या रांगेतले एक आजोबा ओरडलेच, "अरे, हा तर तो मास्तर!" बरोबर होतं त्यांचं. गी दकोंब्ल. त्या पोराला शाळेत छळणारा मास्तरच इथे बॉबला वाचवण्यासाठी रात्रभर पिगाल धुंडाळत फिरतो.

दरोड्याचा भाग सुरू झाला आणि खुर्च्या पुढे सरकल्या. आमच्याकडे कॅसिनो म्हटलं की पणजीची मांडवी आणि तिच्यातल्या दिव्यांनी लखलखलेल्या बोटी. हा मात्र नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा, दोव्हिलचा, 1912 साली बांधलेला, राजवाड्यासारखा. मोठ्या शर्यतीच्या रात्री तिजोरीत ऐंशी कोटी फ्रँक असणार, ही खबर. तिजोरी फोडणारा रोजे कानाला यंत्र लावून कुलपाच्या आतला आवाज ऐकत सराव करतो. आणि एका मोकळ्या रानात गवतावर कॅसिनोचा पुरा नकाशा पांढऱ्या रेघांनी आखलेला. इथे दार, इथे जिना, इथे तिजोरी. माणसं त्या रेघांमधून चालून आपापली जागा पाठ करतात. माझी आई शेजारी बसली होती, ती हळूच म्हणाली, "फक्की मारलीय गं. खो-खोच जणू."

बॉबच्या मनातला दरोडा आपल्याला आधीच दाखवून टाकतात. रिकामा कॅसिनो, सगळं आखल्याप्रमाणे. आपण बघतो तो दरोडा तेवढाच, कारण खरा होतच नाही. 1960 साली अमेरिकेत 'ओशन्स इलेव्हन' आला. त्यात लास व्हेगासचे पाच कॅसिनो एका रात्रीत लुटतात. तोही मी पाहिलाय, मजा आली. पण मेलव्हिलला लुटीत तेवढा रस नाही, माणसात आहे. बॉबच्या टोळीतला तरुण पाओलो आनसमोर फुशारकी मारतो, ती बोलून जाते. तिकडे कॅसिनोत डाव चालवणाऱ्या, टोळीला आतून सामील झालेल्या क्रुपिएची बायको वेगळीच खलबतं करते. दोन वाटांनी बातमी फुटते. आणि बॉब ठरल्याप्रमाणे आत जाऊन थांबतो. त्यानं फक्त थांबायचं आहे. खेळायचं नाही, असं ठरलेलं आहे.

तो खेळतो. आणि जिंकू लागतो. आधी रुलेट, मग पत्ते. चकत्यांचे ढीग पुढ्यात वाढत जातात. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते आज, याच रात्री. पाच वाजता सगळ्यांनी आत शिरायचं असतं, आणि बॉबला वेळेचं भान नाही.

बाई, इथे मला थोडं घरचं सांगायचं आहे. त्या चार रविवारांत सांगायला तोंड उघडलं नाही.

माझ्या वडिलांना रमीचा नाद होता. दारू नाही, आरडाओरडा नाही. सभ्य माणूस, नोकरी, शर्ट नेहमी पांढरा. मी नऊ वर्षांची असताना आई, मी आणि धाकटा भाऊ कोल्हापूरहून आजोळाहून आलो. गाडी उशिरा पोचली, रात्री अकराला. बाबा स्टँडवर घ्यायला येणार होते. आम्ही ट्रंकेवर बसून राहिलो. भाऊ माझ्या मांडीवर झोपला. साडेबाराला आईनं टांगा केला. बाबा आले साडेपाचला, दूधवाल्याच्या मागोमाग. रुमालात नोटा बांधलेल्या. चार हजार रुपये. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर कधी पाहिला नाही. आमच्याकडे घरात आलेला पैसा आधी देवापुढे ठेवायची रीत होती, पगार असो की भाऊबीज. तो रुमाल आईनं देवापुढे ठेवला नाही. ओट्याच्या कडेला ठेवला आणि चहा टाकला. पुढे त्या रात्रीबद्दल घरात कुणीच कधी बोललं नाही. बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

मी आयुष्यभर धरून चालले होते, की बाबा त्या रात्री आम्हाला विसरले कारण आम्ही त्यांना महत्त्वाचे नव्हतो.

बॉब घड्याळाकडे बघतो, दचकतो, बाहेर धावतो, पण तोवर गोळीबार झालेला असतो. पोरासारखा सांभाळलेला पाओलो त्याच्या हातांत मरतो. लद्रू बेड्या घालतो. आणि मागून कॅसिनोची माणसं बॉबच्या जिंकलेल्या नोटा आणून गाडीत भरतात. चांगला वकील दिला तर शिक्षा कमी होईल, असं बोलणं चालतं आणि बॉब म्हणतो, फार चांगला वकील मिळाला तर उलट मीच नुकसानभरपाई मागेन. सगळे हसले. आई हसली नाही. दिवे लागले तशी ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या रात्री हे जिंकत होते गं. जिंकणाऱ्याला उठता येत नाही."

बाई, इतक्या वर्षांत ते पहिलं वाक्य. आईचं इंग्रजी 'एक्झिट'च्या पाटीपलीकडे नाही. तुमच्या ओळी नसत्या तर ती नुसती चित्रं बघून, पोरीनं आणलंय म्हणून दोन तास बसून घरी आली असती. ती प्रत्येक ओळ वाचत होती. तिचे ओठ हलत होते, मी पाहिलं. घरी येताना रिक्षात विचारलंन, "नादी हा शब्द तू घातलास?" मी म्हटलं, पुण्याच्या बाईंनी. "त्यांच्या घरी कुणाला होता का?" मला माहीत नव्हतं. तुम्हाला विचारणारही नाही. पण आईनं मग बाबांबद्दल बोलायला सुरुवात केली. ते लग्नाआधी पत्ते कसे पिसायचे, एका हातानं, आणि तिच्या भावांना केवढं कौतुक वाटायचं. तासभर बोलत होती.

तेव्हा चार रविवार, जेवणं, डोळ्यांना झालेला त्रास (तुम्ही लपवलात तरी थेंबांची बाटली मला दिसली होती), आणि त्या एका शब्दासाठी, बाई, मनापासून आभार. मंडळातल्या सगळ्यांचेही. मास्तर ओळखणाऱ्या आजोबांनी तुम्हाला खास नमस्कार सांगितलाय.

वही अजून माझ्याकडेच आहे. आईला ती सावकाश वाचायची होती, खोडलेल्या ओळींसकट. येत्या रविवारी तीच माझ्याबरोबर पुण्याला यायचं म्हणतेय, मेतकुटाची बरणी घेऊन. साडेनऊची वेळ चालेल ना, तेवढं कळवा.

तुमची,
सहाच्या एसटीची विद्यार्थिनी